सुट्टीच्या सामानातील अत्तराची कुपी

मार्चअखेरचे हिशेब मिटले आणि मुलांच्या परीक्षा संपल्या की आपल्या घरांमध्ये प्रवासाची बोलणी सुरू होतात. पेढी महिनाभर बंद ठेवणे कोणालाच परवडणारे नसल्याने भाऊ-भाऊ आळीपाळीने निघतात. कोणी महाबळेश्वर-माथेरान गाठतो, कोणी हिमाचलाकडे वळतो. घरात वर्षीतप चालू असेल, तर अक्षय्यतृतीयेच्या पारण्यासाठी पालिताणा किंवा हस्तिनापूर आधीच ठरलेले असते. सामानाची यादी मोठ्या बारकाईने होते. खाकरे, सुका नाश्ता, पाणी गाळण्याचे वस्त्र, औषधे, पूजेची वस्त्रे, यांतील एकही गोष्ट राहत नाही. सुगंधाचा विचार मात्र त्या यादीत नसतो. निघायच्या सकाळी आरशापुढे जी बाटली हाती लागेल, ती पिशवीत जाते. मग पुढचे दहा-पंधरा दिवस तिचा वास आपल्याला आणि आपल्याबरोबर प्रवास करणाऱ्या सर्वांना सोसावा किंवा सुखवावा लागतो.

अन्नाच्या बाबतीत आपण किती चौकस आहोत! परगावी ताटात काही पडण्यापूर्वी कांदा-लसूण आहे का, कंदमूळ आहे का, मिठाईत जिलेटिन आहे का, असे चार प्रश्न विचारल्याशिवाय आपल्या घरातील वडीलधारी माणसे घास उचलत नाहीत. अंगावर शिंपडण्याच्या द्रव्याबद्दल हीच चौकशी का होऊ नये, हा माझा प्रश्न आहे. सुगंधी द्रव्यांच्या इतिहासात प्राणिजन्य पदार्थांचा वाटा मोठा आहे, आणि हे ज्ञान आपल्या समाजाला परके असण्याचे कारण नाही. आपल्यातील ‘गांधी’ हे आडनावच मुळी गंधद्रव्ये विकणाऱ्या व्यापाऱ्याचे आहे. पिढ्यान् पिढ्या चंदन, केशर, कापूर आणि धूप तोलणाऱ्या समाजाने बाटलीत काय आहे हे न विचारता ती विकत घ्यावी, हे व्यापारी बुद्धीलाही शोभत नाही.

जैन परंपरेने सुगंध त्याज्य मानलेला नाही. श्वेतांबर परंपरेत गुरुमहाराज मस्तकावर घालतात तो वासक्षेप चंदन, केशर, बरास अशा द्रव्यांचा असतो. दिगंबर परंपरेत अभिषेकाचे जल ‘गंधोदक’ म्हणून मस्तकी लावले जाते आणि भाद्रपदात सुगंधदशमीला मंदिरात धूप खेवला जातो. तीर्थंकरांच्या अतिशयांमध्ये देह स्वभावतःच सुगंधी असण्याचा उल्लेख येतो. मात्र त्याच परंपरेने घ्राणेंद्रियाच्या मोहाचे उदाहरण म्हणून भ्रमर दाखवला आहे. कमळाच्या गंधात गुंतून तो संध्याकाळी मिटणाऱ्या पाकळ्यांत अडकतो. आपल्या जीवविचारात घ्राणेंद्रिय तेइंद्रिय जीवांपासून सुरू होते. मुंगीला डोळे आणि कान नाहीत असे शास्त्र म्हणते, पण गंध आहे. आधुनिक कीटकशास्त्रही सांगते की मुंग्यांची रांग गंधाच्या वाटेवरून चालते. डोळ्यांविषयी मात्र ते वेगळे बोलते, हे ओघाने सांगितले पाहिजे.

श्रावकासाठी सांगितला आहे तो परिमाणाचा मार्ग. रोज सकाळी धारण करावयाच्या चौदा नियमांत ‘कुसुम’ हा एक नियम आहे. फुले, अत्तरे आणि हुंगण्याच्या साऱ्या वस्तू त्यात मोजल्या जातात; अंगाला लावण्याची द्रव्ये ‘विलेपन’ या वेगळ्या नियमात येतात. म्हणजे अत्तर एकच असले तरी ते दोन्ही ठिकाणी मोजावे लागते. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात भोगोपभोगाच्या नियमात अंगराग आणि फुले यांची गणना आहे, आणि नियमाची मुदतही सांगितली आहे: एक दिवस, एक रात्र, पक्ष, महिना, ऋतू किंवा अयन. उपवासाच्या दिवशी तर गंध आणि पुष्प यांचा त्यागच सांगितला आहे. प्रवासाला निघताना ‘या सुट्टीत दोनच सुगंध’ असा नियम घेणाऱ्याला शास्त्राने इतकी सोयीची चौकट अगोदरच करून ठेवली आहे. मुलांनाही असा नियम जमतो, कारण त्याला शेवटचा दिवस असतो.

आता बाटलीत काय असते ते पाहू. पहिले नाव कस्तुरीचे. कस्तुरीमृग हा हिमालयातील लाजाळू, एकांडा प्राणी. नराच्या पोटाखाली, नाभीजवळ, एक ग्रंथी असते आणि तिच्यातील स्राव वाळला की त्याला कस्तुरीचा गंध येतो. आपल्याकडे काव्यात ही कस्तुरी फार कोवळ्या शब्दांत आली आहे. बाजारात ती आली ती मात्र मृगाला मारून. शिवाय तिच्यासाठी वनात लावलेल्या फासांना नर कोणता, मादी कोणती हे कळत नाही. ज्यांच्याजवळ कस्तुरी नसते अशा माद्या आणि पाडसेही त्यांत मरतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार कस्तुरीमृगाला आपल्या देशात सर्वोच्च दर्जाचे संरक्षण आहे आणि अस्सल कस्तुरीची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. तेव्हा एखाद्या हिल स्टेशनच्या बाजारात शालींच्या दुकानाबाहेर कोणी हळू आवाजात ‘असली कस्तुरी’ दाखवू लागला, तर दोनच शक्यता उरतात. माल खोटा असेल तर आपण फसू, आणि खरा असेल तर हिंसेत आणि गुन्ह्यात भागीदार होऊ.

उघड्या बाजारात ‘कस्तुरी’ किंवा ‘मस्क’ या नावाने जे मिळते, ते आज बहुतेक करून कृत्रिम असते. त्याची कथा गमतीदार आहे. १८८८ साली आल्बर्ट बाउर नावाचा रसायनज्ञ स्फोटक द्रव्यांवर काम करीत होता. टीएनटीच्या जातीचे एक द्रव्य तयार करताना त्याला कस्तुरीसारखा वास आला. जगातील पहिली कृत्रिम कस्तुरी अशी दारूगोळ्याच्या प्रयोगशाळेतून निघाली. पुढे खऱ्या कस्तुरीतील गंधद्रव्याची रचना लिओपोल्ड रुझिचका यांनी उलगडली आणि त्यांना १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हरणाला हात न लावता कस्तुरीचा गंध मिळवण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. वनस्पतींमध्येही एक पर्याय आहे. लताकस्तुरी किंवा कस्तुरी भेंडी या भेंडीच्या कुळातील झाडाच्या बियांना सौम्य कस्तुरीगंध असतो. दुकानदाराला ‘मस्क कशाचा?’ असे विचारले आणि त्याने ‘लताकस्तुरीच्या बियांचा’ किंवा ‘सिंथेटिक’ असे सरळ सांगितले, तर समाधान मानावे.

दुसरे द्रव्य जवादी मांजराचे. या प्राण्याच्या शेपटीखालील ग्रंथीतून निघणारा दाट पदार्थ सुगंधी द्रव्याला टिकाऊपणा देतो. इथिओपियात ही मांजरे त्यासाठी अरुंद पिंजऱ्यांत ठेवली जातात आणि ठरावीक दिवसांनी त्यांच्या ग्रंथी खरवडल्या जातात. प्राणी मरत नाही, एवढेच. त्याचे जगणे कसले असते, हे पांजरपोळ चालवणाऱ्या समाजाला समजावून सांगायला नको. तिसरा पदार्थ अंबर, म्हणजे स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होऊन समुद्रात तरंगत येणारा गोळा. कोकण किनाऱ्यावर ‘व्हेलच्या उलटी’ची तस्करी पकडल्याच्या बातम्या आपण वाचतो, तो हाच. तो किनाऱ्यावर आपोआप वाहत येऊ शकतो, त्यामुळे त्यात हिंसा नाही असा युक्तिवाद कोणी करील. परंतु त्याला भाव आहे म्हणूनच त्याच्या मागे माणसे लागतात, आणि तो बाळगणे व विकणे आपल्या कायद्याने निषिद्ध आहे. अंबराचा गंध आज क्लेरी सेज या वनस्पतीतील द्रव्यापासून तयार करता येतो. बीव्हर या प्राण्याच्या ग्रंथीतील कॅस्टोरियमही जुन्या चामडी वासाच्या परफ्यूममध्ये असे.

आपल्या पंधरा कर्मादानांत ‘दंतवाणिज्य’ म्हणून जो व्यापार वर्ज्य सांगितला आहे, त्यात हस्तिदंताबरोबर नखे, हाडे, कातडी अशा प्राण्यांच्या अवयवांचा व्यापार येतो. विक्रीला जे वर्ज्य, ते विकत घेतानाही डोळ्याआड करू नये, एवढाच त्याचा अर्थ मी घेतो.

परदेशी बाटलीबद्दल शंका घेणारे अनेकजण देशी अत्तराबद्दल मात्र निर्धास्त असतात. तेथेही दोन गोष्टी जाणून घेण्यासारख्या आहेत. कनौजची अत्तरे डेग-भपका पद्धतीने होतात. तांब्याच्या मोठ्या डेगेत फुले आणि पाणी घालून तोंड चिकणमातीने लिंपतात, खाली लाकडाचा जाळ करतात आणि वाफ बांबूच्या नळीतून भपका नावाच्या भांड्यात उतरवतात. भपक्यात चंदनाचे तेल असते व ते पाण्याच्या हौदात थंड ठेवलेले असते. फुलाचा गंध त्या तेलात मुरतो. येथपर्यंत सारे निरामिष आहे. परंतु तयार अत्तरातील पाण्याचा अंश उडून जावा, म्हणून ते पूर्वापार उंटाच्या कातड्याच्या कुप्पीत भरून उन्हात ठेवण्याची रीत आहे. अत्तर गुलाबाचे असले, तरी त्याचा मुक्काम चामड्यात झालेला असू शकतो. दुसरी गोष्ट ‘नख’ किंवा ‘नखी’. हिना, शमामा अशा मसालेदार मिश्र अत्तरांत कधी कधी समुद्री शिंपल्यांचा भाग भाजून काढलेला अर्क वापरतात. म्हणून हिना घेताना ‘यात नख आहे का?’ हा प्रश्न विचारावा. जाणत्या अत्तरवाल्याला त्याचे आश्चर्य वाटत नाही. उलट गिऱ्हाईक माहीतगार आहे हे ओळखून तो चांगली कुपी पुढे करतो.

घट्ट अत्तर, म्हणजे छोट्या डबीतील मलमासारखा सुगंध, प्रवासाला फार सोयीचा. तो सांडत नाही. पण त्याचा पाया बहुधा मधमाश्यांच्या मेणाचा असतो. मध वर्ज्य मानणाऱ्या घराने डबीवरील घटकांची यादी वाचावी. वनस्पतिजन्य मेणाच्या डब्याही मिळतात.

मग प्रश्न येतो तो असा, की नैसर्गिक फुलांचे अत्तर घेतले म्हणजे अहिंसा पाळली गेली का? येथे आपल्या परंपरेची दृष्टी आजच्या ‘नैसर्गिक तेच उत्तम’ या जाहिरातीपेक्षा सूक्ष्म आहे, असे मला वाटते. एक किलो गुलाबतेलासाठी काही हजार किलो फुले लागतात. प्रत्येक फूल एकेंद्रिय जीव आहे, आणि डेगेखाली तासन् तास अग्नी आहे, पाणी आहे. चंदनाचे तेल झाडाच्या गाभ्यातून आणि मुळांतून निघते, म्हणजे झाड समूळ काढावे लागते. रानातील चंदन याच कारणाने विरळ झाले. वाळ्याचा अर्क मुळांचा, म्हणजे तेथेही रोप उपटलेच. या हिशेबाने प्रयोगशाळेत तयार झालेला मोगऱ्याचा वास हा हजारो कळ्या उकळून काढलेल्या अर्कापेक्षा कमी हिंसेचा ठरू शकतो. पंचेंद्रिय मृग आणि एकेंद्रिय फूल यांना एकाच तराजूत घालू नये, हे खरे. पण ‘शुद्ध नैसर्गिक’ अशी चिठ्ठी वाचून मन मोकळे करून घेणेही बरोबर नाही. गृहस्थाने निवड करावी ती अशी: प्राणिजन्य अजिबात नको, फुलांचे खरे अत्तर घ्यायचे तर एकच, अगदी थोडे आणि चांगले, रोजच्या वापराला कृत्रिम सुगंध असला तर त्यात कमीपणा मानू नये.

येथे भावाकडे लक्ष द्यावे. अत्तर आजही तोळ्यावर विकले जाते, आणि तोळा म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम. चंदनतेलाचा बाजारभाव ज्याला ठाऊक आहे, त्याला शे-दोनशे रुपये तोळ्याच्या ‘चंदनावरील गुलाबा’त चंदन नाही आणि गुलाबही नाही, हे कोणी सांगावे लागत नाही. चंदन महाग झाल्यापासून अत्तराचा पाया म्हणून लिक्विड पॅराफिन किंवा डीओपी हे औद्योगिक द्रव्य सर्रास वापरले जाते. डीओपी प्लॅस्टिक मऊ करण्यासाठी वापरतात. ते लहान मुलांच्या त्वचेवर चोळावे असे मला मुळीच वाटत नाही. ‘बेस काय आहे?’ हा एक प्रश्न आणि मालाच्या भावाचा अंदाज, यावर कापडाची जात ओळखणाऱ्याला अत्तराचीही ओळखता येईल.

अल्कोहोलबद्दल घराघरांत मतभेद आहेत. स्प्रेच्या बाटलीत बहुतांश भाग अल्कोहोलच असतो. ‘ओ द पार्फम’ म्हटलेल्या बाटलीत सुगंधी द्रव्य साधारण १५ ते २० टक्के, ‘ओ द टॉयलेट’मध्ये त्याहून कमी आणि कोलोनमध्ये अगदी २ ते ५ टक्के. मद्यत्यागाचा नियम पिण्यापुरता मानायचा की स्पर्शालाही लावायचा, हे ज्याने त्याने आपल्या गुरुमहाराजांना विचारून ठरवावे. पूजेच्या वस्त्रांना आणि पूजेला जाताना अंगाला स्प्रे लावू नये, एवढे मात्र सर्वांनी पाळण्यास हरकत नसावी.

उन्हाळ्याचा विचार करताना उष्णतेचा स्वभाव लक्षात घ्यावा. अंग तापले की सुगंध लवकर आणि जोरात उडतो. जो परफ्यूम दिवाळीच्या थंडीत मोहक वाटतो, तोच वैशाखात दुप्पट वाटतो आणि घामात मिसळून आंबूस होतो. ऊद, हिना, केशर-कस्तुरी, व्हॅनिला असे जड, गोड, उबदार वास थंडीचे आहेत. हिमाचलात रात्री स्वेटर घालण्याची वेळ येते, तेथे हिनाचा एक थेंब शोभतो. पालिताण्यात मे महिन्यात तो असह्य होईल.

आपल्याकडे उन्हाळ्याचा खरा सुगंध वाळ्याचा. माठात वाळ्याची जुडी, खिडकीला वाळ्याचे पडदे, त्यांवर शिंपडलेले पाणी. ज्यांच्या वाड्यांत हे होते त्यांना दुपारचा तो ओला, मातकट, हिरवा वास आठवत असेल. वाळ्याचे अत्तर, म्हणजे बाजारातील ‘रूह खस’, तांब्याच्या भांड्यामुळे किंचित हिरवट दिसते. ते स्त्रीपुरुष दोघांना चालते आणि घामाशी भांडत नाही. मोगरा सर्वांना आवडतो, पण त्याचे अत्तर फार थोडे लावावे. बंद गाडीत मोगऱ्याने डोके चढते. केवड्यासाठी ओडिशाचा गंजाम जिल्हा प्रसिद्ध आहे. केवडा एकटा तीव्र असतो, गुलाबाबरोबर सौम्य होतो.

आणि मातीचे अत्तर! भट्टीत भाजलेल्या मातीच्या चकत्या डेगेत घालून त्यांचा गंध चंदनतेलात उतरवतात. पहिल्या पावसाचा वास कुपीत भरण्याची ही कला कनौजची. १९६४ साली दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी पावसानंतरच्या या वासाला ‘पेट्रिकोर’ असे नाव दिले, पण त्याच्या कितीतरी आधीपासून आपले अत्तरवाले तो तोळ्याने विकत होते. यात फुले नाहीत, प्राणी नाही. पृथ्वीकायाचा आणि अग्नीचा हिशेब तेवढा आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, पाऊस अजून लांब असताना, हातरुमालावर याचा एक थेंब लावून पाहावा. दोनच सुगंध न्यायचे ठरले तर माझी निवड वाळा आणि माती. ज्यांना फुलच हवे त्यांनी मातीऐवजी गुलाब घ्यावा.

लिंबू, संत्रे, बर्गमॉट अशा वासांचे कोलोनही उन्हाळ्याला चांगले. जुन्या घरांतून ताप आला की कपाळावर युडीकोलनची पट्टी ठेवीत, तेच हे. जर्मनीतील कोलोन शहरात १७०९ साली फारिना नावाच्या इटालियन व्यापाऱ्याच्या पेढीपासून त्याचा प्रवास सुरू झाला. हा वास अर्ध्या तासात उडून जातो, आणि प्रवासात तो त्याचा गुण आहे. फक्त एक काळजी घ्यावी. बर्गमॉट आणि लिंबाच्या सालीच्या तेलात असे घटक असतात की ते त्वचेवर असताना कडक ऊन लागले, तर तेथे काळे डाग उमटतात आणि ते महिनोन् महिने जात नाहीत. म्हणून उन्हात फिरताना मानेवर किंवा हातावर न लावता रुमालावर किंवा कपड्याच्या आतील कडेला लावावे. मोत्यांची माळ असेल तर सुगंध आधी आणि दागिना नंतर. स्प्रेने मोत्याचे पाणी उतरते, हे जवाहिऱ्यांच्या घरी सांगण्याची गरज नाही.

सुगंधाचे एक वेगळेपण असे की तो लावणाऱ्यापाशी थांबत नाही. आपण खातो ते आपल्या पोटात जाते. आपण लावतो ते शेजाऱ्याच्या श्वासात जाते. वाईहून पसरणीचा घाट चढताना मागच्या सीटवरील मुलांना गाडी लागते, त्याला वळणांइतकाच पुढे टांगलेला सुगंधी डबा आणि काकूंचा परफ्यूम कारणीभूत असतो. घाटापूर्वी तो डबा काढून ठेवावा आणि काच थोडी उतरवावी. रेल्वेच्या वातानुकूलित डब्यात तीच हवा फिरत राहते. दम्याचा किंवा अर्धशिशीचा रुग्ण कोणत्या बाकावर आहे हे आपल्याला ठाऊक नसते. तेथे स्प्रे उडवू नये. थेंब कानामागे असला तर तो आपल्यापुरता राहतो. साधु-साध्वींच्या दर्शनाला जाताना तर सुगंध नसणेच योग्य. ज्यांनी स्नान आणि विलेपन आयुष्यभरासाठी सोडले आहे, त्यांच्यापुढे दरवळत जाण्यात विवेक नाही.

सह्याद्रीतील गड, लेणी किंवा रानवाटा पाहायला जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. कातळकड्यांना आग्या मोहोळे लटकलेली असतात. फुलांचे आणि फळांचे तीव्र वास माश्यांना डिवचू शकतात. मधमाशी डंख मारते तेव्हा तिच्या शरीरातून इतर माश्यांना बोलावणारा इशारा-गंध सुटतो, आणि त्यातील मुख्य द्रव्याचा वास पिकलेल्या केळ्यासारखा असतो. हेच द्रव्य फळांच्या कृत्रिम वासांत वापरतात. मोहोळ उठले तर माणसांवर संकट येते आणि नंतर धूर-जाळ करून मोहोळावर. त्या दिवशी अंगाला काहीच लावू नये, केसांना सुगंधी तेलही नको.

बांधाबांध करताना मोठी बाटली घरीच ठेवावी. दोन-तीन मिलिलिटरची काचेची छोटी कुपी एका कुटुंबाला पंधरा दिवस पुरून उरते. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात हातातील पिशवीत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली चालत नाही. बाटली अर्धी रिकामी आहे हे कारण तेथे ऐकले जात नाही, कारण मोजतात ते बाटलीचे माप. कुपी काठोकाठ भरू नये, कारण उंचीवर हवेचा दाब बदलला की ती पाझरते. झाकणाभोवती चिकटपट्टी गुंडाळून कुपी जाड कापडात ठेवावी, खाद्यपदार्थांच्या पिशवीत कधीच नको. वाळ्याचा वास लागलेला खाकरा कोणी खात नाही. डिओचा दाबाचा डबा उन्हात उभ्या गाडीत ठेवणे धोक्याचे आहे. ५० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापमानात ठेवू नये अशी सूचना त्याच्यावरच छापलेली असते, आणि बंद गाडी उन्हाळ्यात ती मर्यादा सहज ओलांडते. साधे अत्तरही ऊन आणि प्रकाश यांनी बिघडते; रंग गडद झाला आणि वासाला तेलकट खवटपणा आला, तर ते टाकून द्यावे.

सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी आपल्या देशात २०१४ पासून बंद आहे, आणि अशी चाचणी झालेल्या प्रसाधनांच्या आयातीवरही त्याच वर्षी बंदी आली. परदेशातून नातलगांनी आणलेल्या भेटीच्या बाटल्यांना मात्र हा नियम आपोआप लागत नाही. अनेक साबणांच्या आणि शाम्पूंच्या वेष्टनावर हिरवा किंवा तपकिरी ठिपका असतो, तो परफ्यूमच्या डब्यावरही शोधावा. तो नसला, तर दुकानदाराला किंवा कंपनीला विचारावे.

ज्यांना अत्तर, स्प्रे, मेण यांपैकी काहीच नको, त्यांच्यासाठी बकुळ आहे. ती उन्हाळ्यातच फुलते आणि तिची फुले आपणहून गळतात. पहाटे झाडाखाली सडा पडलेला असतो. तोडण्याची गरज नाही. फुलांत मुंग्या किंवा बारीक जीव नाहीत हे नीट निरखून, ती सुपात पसरून सावलीत सुकवावीत. फूल तपकिरी होते, अचित्त होते आणि वास जात नाही. इतर फुलांपेक्षा बकुळीचे हेच निराळेपण. मूठभर सुकी फुले मलमलीच्या चौकोनात बांधून ती पुरचुंडी पेटीत कपड्यांच्या घड्यांमध्ये ठेवावी. परत आल्यावर तीच पुरचुंडी कपाटात जाते, आणि पर्युषणात साड्या बाहेर काढल्या तरी घड्यांना तो मंद वास असतो.